चुणीची फिल्म आणि जुना कूलर

सर,

परवा विभागात तुमची शोकसभा झाली आणि मी तिच्यात हसले. गालातल्या गालात नव्हे, चांगला आवाज करून हसले. पुढच्या रांगेतल्या दोघांनी वळून पाहिलं, विभागप्रमुखांनी हातातला कागद खाली केला आणि मला खोकल्याचं सोंग घेऊन बाहेर पडावं लागलं. मी तुमची विद्यार्थिनी, आज तुमच्याच प्रयोगशाळेत तुमच्याच टेबलाशी काम करणारी, आणि तुमच्या फोटोला हार घालून पाच मिनिटंही झाली नव्हती. लोक काय म्हणाले असतील ते मला कळतं. पण विभागप्रमुख तुमच्या कामगिरीची यादी वाचत होते. तुरीच्या चुणीपासून बनवलेली, मातीत विरून जाणारी फिल्म, तिला मिळालेलं पारितोषिक, आणि मग म्हणाले, "सरांच्याच प्रयत्नांमुळे आपल्या पॉलिमर प्रयोगशाळेत एसी बसला." तिथं मात्र मला राहवलं नाही. मागच्या भिंतीला टेकून मारोतीमामा उभे होते. त्यांचेही खांदे हलत होते. शेजारच्यांना वाटलं, इतक्या वर्षांचा लॅब अटेंडंट, रडतोय बिचारा.

सर, मला हसता आलं याचंच आज मोठं सुख आहे. महिनाभरापूर्वी तुम्ही गेला असतात तर त्या सभेत मी तोंड दाखवू शकले नसते. कुठलंतरी निमित्त काढून बिलोलीला माहेरी जाऊन बसले असते. हे काय प्रकरण आहे ते अर्धं तुम्हाला ठाऊक आहे. उरलेलं अर्धं मी तुमच्या तोंडावर बोलू शकले नाही, म्हणून हे लिहिते आहे.

मी संशोधनाला आले तेव्हा पहिल्या दिवशी तुम्ही मला पुस्तक दिलं नाही, पोतं दिलं. लातूरच्या डाळमिलमधून आणलेली चुणी. डाळ भरडताना जी कणी आणि कोंडा उरतो, जो जनावरांपुढे टाकतात, तो. मी पॉलिमर म्हणजे चकचकीत यंत्रं समजून आलेली आणि तुम्ही माझ्या हातात चाळण ठेवलीत. "हे आमच्या देवणीच्या बैलाचं खाणं हाय," तुम्ही म्हणालात. "त्याच्या तोंडचा घास काढून आपण पिशव्या करून राहिलो. नीट न्हाई झाल्या तर तो शिंगावर घेईल. मला न्हाई, मी त्याच्या गावचा. तुला घेईल." मी मनात म्हटलं, हा माणूस एक तर फार मोठा आहे किंवा वेडा आहे. सहा महिन्यांनी कळलं की दोन्ही आहे.

तुम्हाला रोपवाटिकेसाठी पिशवी करायची होती. रोप लावताना काळी प्लास्टिकची पिशवी फाडून बांधावर फेकतात, त्याचा तुम्हाला मनापासून संताप यायचा. पिशवीसकट रोप खड्ड्यात ठेवता आलं पाहिजे आणि महिन्या-दोन महिन्यांत पिशवीची माती झाली पाहिजे, एवढंच तुमचं म्हणणं. त्यासाठी चुणीतलं पिठूळ आणि प्रथिनं काढायची, ग्लिसरीन घालून शिजवायची, ती पेज काचेवर ओतायची आणि वाळू द्यायची. काचा फोटो फ्रेमच्या दुकानातल्या. काच सपाट बसली की नाही ते तुम्ही पाण्याची वाटी ठेवून बघायचात. ओतायचं काम तुम्ही कुणाला दिलं नाही. माझ्याकडे चाळणं, शिजवणं आणि तयार फिल्म कुंडीत पुरून तिची माती होताना बघणं.

आणि तुमची ती कानाची परीक्षा! फिल्म काचेवरून सोलली की कानाशी धरून चुरगाळायची. पापडासारखी वाजली तर नापास, थेट टोपलीत. गप्प राहिली तर पास, मग तिची ताकद यंत्रावर मोजायला पाठवायची. कॉरिडॉरमधून जाणारे लोक म्हणायचे, केमिकलचे सर पुन्हा फोनवर आहेत.

काम झालं. शोधनिबंध छापून आला, खाली पहिलं नाव तुमचं आणि दुसरं माझं. नांदेडच्या विद्यापीठात, डाळमिलच्या भुशातून, हे झालं म्हणून कौतुक झालं. पारितोषिक आलं, निधी आला, ताकद मोजायचं स्वतःचं यंत्र आलं. त्या यंत्राला थंड खोली लागते म्हणून एसी आला. वर्षभरात तुम्ही निवृत्त होऊन लातूरला गेलात आणि प्रयोगशाळा माझ्या हाती आली. मी साडीचा पदर खोचून पहिली प्लेट ओतली. दोन दिवसांनी सोलली, कानाशी धरली, तर ती दारापर्यंत ऐकू जाईल अशी वाजली.

दुसरी वाजली. दहावी वाजली. मी चुणी बदलली, पुन्हा तुमच्याच मिलची आणली, ग्लिसरीन नवं घेतलं, तुमच्या निबंधात म्हटलेलं खोलीचं तापमान एसीच्या रिमोटवर लावलं. सोलल्यावर फिल्मला जी ओल द्यावी लागते तीही नियमाप्रमाणे बंद पेटीत ठेवून दिली. काही उपयोग नाही. तेवढ्यात बाहेरून विचारणा यायला लागल्या. दुसऱ्या विद्यापीठांतले दोघंतिघं तुमची कृती करून बघत होते, त्यांच्याही फिल्म तडकत होत्या. ते सभ्य भाषेत विचारायचे की निबंधात काही लिहायचं राहिलं आहे का. मी सभ्य भाषेत उत्तर टाळायची.

तुम्ही पेन्शनच्या कागदांसाठी नांदेडला आलात तेव्हा मी सहा प्लेट तुमच्यापुढे मांडल्या. तुम्ही एक सोललीत, चुरगाळलीत, तोंड वाकडं केलंत.

"घाई केलीस."

"नाही सर. सगळं निबंधात आहे तसंच केलंय."

"मग हात वेगळा पडला."

"हात हे काय उपकरण आहे का सर? निबंधात हात लिहिलेला नाही."

मी असं बोलायला नको होतं. पण माझा स्वभाव तुम्हीच वाढवून ठेवलेला. वर मी म्हटलं, "तुमची मूळ वही बघू द्या." रागावलात की तुम्ही मला मॅडम म्हणायचात. "घ्या की मॅडम," म्हणालात. "वही घ्या. काय खोटं हाय त्याला लाल पेनानं खूण करा आन् पाठवून द्या." त्याच आठवड्यात वही आली. तुम्ही नंतर आला नाहीत. गुरुपौर्णिमेला मी फोन केला नाही, तुम्हीही सुनंदा का फोन करत नाही म्हणून विचारलं नाहीत. दोन वर्षं.

आता ते उरलेलं अर्धं.

वहीत एकही नापास प्लेट नव्हती, सर. पानामागून पान, सगळ्या पास, सगळे आकडे सुरेख. आणि मला ती टोपली आठवली. वाजली की टोपलीत. मला वाटलं, तुम्ही ज्या गप्प राहिल्या तेवढ्याच लिहिल्यात आणि ज्या वाजल्या त्या मोजल्याच नाहीत. खोटं लिहिलं नाही, पण खरंही सगळं लिहिलं नाही. ज्या माणसानं मला एका आकड्यासाठी तीनदा प्रयोग करायला लावला, त्याच्याबद्दल मी हे मनात आणलं. एकदा आणलं आणि मग ते निघेना. जेवताना तेच, वर्गात शिकवताना तेच. मी तुमचं नाव सांगून या विद्यापीठात उभी आहे आणि तुमच्याच नावाबद्दल माझ्या पोटात हे. शेवटी मी त्या मासिकाच्या संपादकांना पत्र लिहिलं, की या निबंधातले निष्कर्ष पुन्हा मिळत नाहीत, तरी तो मागे घेण्यात यावा. खाली माझं नाव टाकलं. तुमच्या सहीसाठी जागा सोडली आणि मग तीही काढून टाकली. उन्हाळ्याची सुट्टी संपायच्या आत पाठवायचं असं ठरवलं होतं. पाठवलं असतं तर तुमच्या सगळ्या आयुष्याच्या कामावर काट बसली असती, आणि ती मी मारली असती.

मे महिन्यात एसी बंद पडला. मेकॅनिक म्हणाला, पार्ट हैदराबादहून येणार, आठ दिवस लागतील. मारोतीमामांनी कोठीतून तुमचा तो गंजका कूलर ओढून आणला. त्यात नवीन गवत भरलं, चार बादल्या पाणी ओतलं आणि टेबलाकडं तोंड करून लावला. खोलीभर त्या ओल्या गवताचा वास सुटला. मी सकाळी सवयीनं चार प्लेट ओतल्या होत्या, त्या तशाच पडून राहिल्या.

तिसऱ्या दिवशी पहिली सोलली. ती काचेवरून दुधावरच्या सायीसारखी अलगद सुटली. कानाशी धरली. चुरगाळली. काही नाही. मला वाटलं माझा कान बसला. दुसरा कान लावला, दुसरी प्लेट सोलली. चारही गप्प.

मामा फरशी पुसत होते. म्हणाले, "सरांच्या टायमाला असंच निघायचं की. एसी बसल्यापासून बिघडलंय बघा हे."

मी तिथंच स्टुलावर बसले. "मामा, दोन वर्षांत हे एकदाही का नाही सांगितलंत?"

"तुमी कवा इचारलं? आमाला वाटलं, मॅडम काहीतरी नव्या पद्धतीनं करून राहिल्यात."

मग मी तुमची वही काढली. जी वही मी संशयानं वीस वेळा वाचली होती, तिच्यातल्या फक्त तारखा वाचल्या. सगळ्या प्लेट एप्रिल ते जूनमधल्या. वर्ग चालू असताना तुम्हाला ओतायला सवड कुठली, तुम्ही सुट्टीत ओतायचात. आणि सुट्टीत, नांदेडच्या उन्हात, त्या खोलीत कूलर अहोरात्र चालू. बाहेर हवा भट्टीतली आणि आत दमट. पेज सावकाश वाळायची, फिल्म मऊ पडायची. एसीच्या कोरड्या हवेत वरची साय आधी धरते, आतून ताण बसतो आणि ती तडकते. सोलल्यावर पेटीत किती का ओल द्या, झालेलं नुकसान भरून निघत नाही. नापास प्लेट वहीत नव्हत्या कारण कूलर चालू असताना नापास झाल्याच नव्हत्या.

निबंधात तुम्ही लिहिलं होतं, फिल्म खोलीच्या तापमानाला वाळवली. खोटं काहीच नव्हतं. पण आपल्याकडं कूलर उपकरणात धरतं कोण? तो माठासारखा, टेबलासारखा. थंडीच्या देशात बसलेल्या परीक्षकानं विचारलं नाही आणि उन्हाळ्यात घामाघूम झालेल्या आपल्यालाही सुचलं नाही. फिल्म चांगली झाली म्हणून पारितोषिक, पारितोषिक म्हणून एसी, आणि एसी आला म्हणून फिल्म बिघडली. एसी आल्यानंतर तुम्ही स्वतः एकही प्लेट ओतली नाहीत, नाहीतर आठ दिवसांत तुमच्या लक्षात आलं असतं.

मी ते पत्र कॉम्प्युटरवरून पुसून टाकलं. दोनदा खात्री केली. आणि मग सर, मी रडले. दुःखानं नाही. तुम्ही तसे नव्हता, म्हणून.

दुसऱ्या दिवशी स्टीलच्या डब्यात फिल्म ठेवली आणि लातूरची बस धरली. तुमचं हृदय थकलंय, तुम्ही अंथरुणाला आहात हे मला विभागात कुणाकडून तरी कळलं होतं आणि तरी मी गेले नव्हते, हे लोहा ते अहमदपूर आठवत राहिले. काकूंनी दार उघडलं. "आलीस का? सापडलं म्हणायचं घर." मग डब्याकडं बघून, "धपाटे आणलेस?"

तुम्ही अर्धे झाला होतात. उशीला टेकून बसला होतात. "कोण, मॅडम का?" दोन वर्षांनंतरही राग जागच्या जागी. मी न बोलता फिल्म हातात दिली. तुम्ही ती उजव्या कानाशी धरलीत, चुरगाळलीत. मग डाव्या.

"मला आता कायबी वाजत न्हाई गं," तुम्ही म्हणालात. "टीव्ही वाजत न्हाई, तुझी काकू वाजत न्हाई. ह्याचं काय कळणार?" आणि फिल्म काकूंच्या हातात दिलीत. "तू ऐक."

काकूंनी पदराला हात पुसले. ऐकलं. "न्हाई हो. आवाज न्हाई."

"नीट ऐक."

"न्हाई म्हटलं ना. मेणकापड कसं असतं, तसंय."

तुम्ही माझ्याकडं वळलात. "काय बदललंस?"

"कूलर!" मी ओरडले.

"काय?"

"कू-ल-र!" शेजारची बाई खिडकीतून डोकावली. मी सगळं ओरडून सांगितलं, एसी, तारखा, मामा, गवत. तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं थकलात. मग तुमचं पोट हलायला लागलं. तुम्ही इतके हसलात की खोकल्याची उबळ आली आणि काकू पाणी घेऊन धावल्या. "एसीचा अर्ज मीच लिहिला," तुम्ही म्हणालात. "तीनदा लिहिला!"

जरा दम खाल्लात आणि विचारलंत, "हवेत ओल किती होती?"

मी डब्याचं झाकण लावायला लागले.

"मोजली न्हाईस?"

"नाही सर. मी लगेच बस..."

"मग मॅडम, काय सांगायला आलात? कूलर लावला आन् झालं? पुन्हा कुणीतरी खोलीच्या तापमानाला म्हणून लिहायचं का?" तुमचा आवाज बारीक होता, पण शिव्या जुन्याच ताकदीच्या. "दोन थर्मामीटर घे, एकाला ओलं फडकं बांध, दोघांतला फरक लिही. सकाळ, दुपार, संध्याकाळ. मोजून सांग. जा आता, संध्याकाळचा आकडा चुकंल."

लातूरला येऊन अर्धा तास झाला नव्हता आणि तुम्ही मला हाकलत होतात. सर, माझ्या इतक्या वर्षांत इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. मधली दोन वर्षं जणू कुणी काढून घेतली होती.

निघताना मी उंबऱ्यापाशी थांबले आणि म्हटलं, "सर, मी एक पत्र लिहिलं होतं. निबंध मागं घ्यायचं. पाठवलं नाही." हळू बोलले. तुम्ही फिल्मवरून अंगठा फिरवत होतात. तुम्हाला ऐकू गेलं नाही. पुन्हा मोठ्यानं सांगायला मला धीर झाला नाही, हे कबूल करते. कूलर ओरडून सांगता येतो, हे नाही येत.

तुम्ही पाचव्या दिवशी गेलात. तोवर मी फोन केला नव्हता. आठ दिवसांचे आकडे पुरे झाले की करू, अर्धवट सांगितलं तर पुन्हा शिव्या खाव्या लागतील, असा हिशेब. तेवढं एक मला आयुष्यभर लागून राहील.

आज सकाळी काकूंचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाल्या, "तू त्या दिवशी दारात पत्राचं काय पुटपुटलीस, ते ह्यांला ऐकू गेलं न्हवतं. मला गेलं होतं. तू गेल्यावर मी त्यांच्या कानाशी जाऊन सगळं सांगितलं."

"काय म्हणाले?"

"काय म्हणणार? म्हणाले, लिहिलं तर लिहिलं. वही बघून मीबी तेच लिहिलं असतं. आधी तिनं ओल मोजली का ते इचार." "दुसऱ्या दिवशी परत इचारलं. तिचा फोन आला का म्हणून. सुनंदाचा फोन आला का, असं म्हणाले बघ."

मॅडमचा नाही. सुनंदाचा.

फोन ठेवून मी थेट प्रयोगशाळेत आले आणि आता इथंच बसून लिहिते आहे. एसीचा पार्ट आला आहे, तो खोक्यातच पडून आहे. यंत्रासाठी मी शेजारची खोली मागितली आहे, अर्ज एकदाच लिहिला. संपादकांना वेगळं पत्र गेलं आहे, निबंधातलं एक वाक्य सुधारण्याबद्दल. त्यात कूलर आला, त्याचं पाणी आलं, गवतही आलं. खाली तुमचं नाव पहिलं आणि माझं दुसरं, होतं तसंच.

आणि सर, ओल मोजली. दोन थर्मामीटर, एकाला तुमच्या जुन्या ॲप्रनचं फडकं. सकाळ, दुपार, संध्याकाळ, सलग आठ दिवस, एकही आकडा चुकला नाही. तुम्ही गेलात त्या दिवशीसुद्धा सकाळचा आकडा लिहूनच मी लातूरची बस धरली. दुपारचा आणि संध्याकाळचा मारोतीमामांच्या अक्षरात आहे. आठ दिवसांत एकही प्लेट वाजली नाही.